नऊ दिवस, सहा माणसं आणि यलोस्टोन: आरव्ही फ्रीमाँटहून न्यायची की सॉल्ट लेकला घ्यायची?

प्रश्न असा आहे: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं कुटुंब, नवरा-बायको, ५ आणि ९ वर्षांची मुलं, आणि पुण्याहून आलेले सत्तरीच्या घरातले आई-बाबा. जूनअखेरीस शनिवारी निघून पुढच्या रविवारी परत यायचं. फ्रीमाँटलाच ३० फुटी आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन आणि ग्रँड टीटन ही दोन राष्ट्रीय उद्यानं करायची. रोज पाचशे मैल मारले तर दोन दिवसांत पोचू का, गाडीत रोजचा स्वयंपाक जमेल का, आणि मुक्कामाच्या जागा वाटेत बघत गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही चालणार. यलोस्टोनमध्ये रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये गाडी लावून झोपायला मनाई आहे, आणि जूनअखेरीस कॅम्पग्राउंडमध्ये आयत्या वेळी ३० फुटी जागा मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं तिकीट मिळण्यासारखं. आधी रात्रीच्या जागा, मग गाडी, मग विमान, मग सुट्टीचा अर्ज. लोक नेमकं उलट करतात आणि गाडीचे पैसे भरून झाल्यावर जागा शोधायला बसतात.

आता अंतर. फ्रीमाँटहून वेस्ट यलोस्टोन, म्हणजे उद्यानाच्या पश्चिम फाटकाचं गाव, साडेनऊशे ते हजार मैल: आय-८० ने रीनो, विनेमक्का, एल्को, वेल्स, तिथून यूएस-९३ ने ट्विन फॉल्स, मग पोकाटेलो, आयडाहो फॉल्स आणि शेवटी यूएस-२०. नकाशा पंधरा तास दाखवतो, पण तो वेळ मोटारीचा. आरव्ही ६२-६५ च्या वर पळवायची नसते. नेवाडात आडवा वारा लागला की साडेअकरा फूट उंचीची ती भिंत लेन सोडायला बघते. त्यात पेट्रोलचे थांबे, मुलांचे थांबे, आजींचे गुडघे. नकाशाच्या वेळेत किमान चौथा हिस्सा वाढवा. म्हणजे पाचशे मैल हा दहा-अकरा तासांचा दिवस, आणि पुढे अंधारात अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये गाडी मागे घेणं. आरव्हीवाल्यांत तीनाचा एक ठोकताळा चालतो: दिवसाला ३०० मैल, दुपारी ३ पर्यंत मुक्कामावर, आणि जमल्यास एका जागी ३ रात्री. तो पाळला तर तुमचे जायचे तीन आणि यायचे तीन दिवस गेले, उद्यानाला उरले तीन.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गाडी फ्रीमाँटला घेऊ नका. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने जा आणि आरव्ही तिथे घ्या. तिथून वेस्ट यलोस्टोन सुमारे ३२० मैल.

“सहा तिकिटांचा खर्च?” हिशेब मांडू. फ्रीमाँटहून गेलात तर येऊन-जाऊन आणि आत फिरून साधारण २,३०० मैल होतील. सॉल्ट लेकहून हजार. ३० फुटी क्लास सी (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) गॅलनला ८ मैल देते असं धरा. कोणी दहा सांगितले तर ते उतारावरचे. १,३०० मैल वाचले म्हणजे १६० गॅलन वाचले; गॅलनला ४ डॉलर धरले तर ६४० डॉलर. वर भाड्याच्या गाडीला मैलामागे आकार असतो. तो ४० सेंट धरला तर आणखी ५२०. झाले ११६० डॉलर. तिकिटं थोडी इकडेतिकडे त्यातच बसतात, आणि रस्त्यात जाणारे जवळपास चार दिवस हातात उरतात. शिवाय डॉनर पासचा सात हजार फुटांवरचा चढ-उतार पहिल्याच दिवशी, गाडीची सवय नसताना, करावा लागत नाही.

गाडी: झोपायला सहा आणि बसायला सहा या दोन वेगळ्या गोष्टी

फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावरची २८ ते ३१ फुटी क्लास सी तुम्हाला योग्य. कॅलिफोर्नियाचा साधा परवाना पुरतो. पण जाहिरातीत “सहा जण झोपतात” लिहिलेलं असतं, ते पाहून पैसे भरू नका. विचारायचं ते हे: सीटबेल्ट किती, आणि त्यातले पुढे तोंड करून असलेल्या आसनांवर किती? मुलांचं आसन आडव्या सोफ्यावर लावायचं नसतं, आणि मागे तोंड असलेल्या डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकावरही नाही. ते पुढे तोंड असलेल्या बाकावरच बसतं, आणि धाकट्याच्या आसनाचा वरचा पट्टा अडकवायला मागे कडी आहे का ते पाहावं लागतं. बऱ्याच गाड्यांत ती नसते. गाडीचा आराखडा मागवा, कोण कुठे बसणार ते कागदावर लिहा, मग बुकिंग करा. चालत्या गाडीत कोणी पलंगावर आडवं होणार नाही हे आजोबांना आधीच सांगून ठेवा. त्यांना दुपारची वामकुक्षी हवी असेल तर गाडी थांबवून.

दुसरं, वजन. दाराजवळ आतल्या बाजूला एक पिवळं लेबल असतं, गाडी किती भार घेऊ शकते याचं. त्यात माणसं, सामान, पाणी सगळं आलं. पाणी गॅलनला ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड. सहा माणसांचे आठ-नऊशे पौंड. टाकी शिगोशीग भरून, तांदळाची २० पौंडी गोणी टाकून, खुर्च्या-सायकली बांधून निघालं की मागचे टायर तापतात. प्रवासात टाकी पाव ते अर्धी ठेवा आणि कॅम्पग्राउंडवर भरा.

टायर सहा असतात, मागे जोडीने. जोडीतल्या आतल्या टायरची हवा कोणी तपासत नाही कारण तिथे हात जात नाही, आणि फुटतो तोच. लांब दांड्याचा गेज मागून घ्या. दाब दारावरच्या लेबलाप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना बघायचा. टायरच्या अंगावर डीओटी अक्षरांपुढच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपेक्षा जुना टायर दिसला तर दुसरी गाडी मागा, संकोच करू नका.

ताब्यात घेताना दोन तास हातात ठेवा आणि मोबाइलवर चित्रण करत चला: आतून, बाहेरून, छतासकट. जनरेटर नुसता सुरू करून दाखवला तर मानू नका, त्यावर एसी लावून पाहा. फ्रिज प्रोपेनवर चालू करून घ्या. पाणी तापतंय का, स्लाइड (बाहेर सरकणारी भिंत) आत-बाहेर होते का, सांडपाण्याचा पाइप चिरलेला नाही ना, पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा आहे ना. त्या पाइपाच्या तोंडाला दाब कमी करणारा रेग्युलेटर हवा, ४० ते ५० पीएसआयचा. तो नसला आणि कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब जास्त असला की सिंकखालचे प्लास्टिकचे जोड सुटतात.

मग लगेच हमरस्त्यावर जाऊ नका. एखाद्या मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास वळणं घ्या. या गाडीत मागच्या चाकांमागे नऊ-दहा फूट धड लोंबतं. उजवीकडे वळलात की ते शेपूट डावीकडे फिरतं. पेट्रोल पंपावरच्या पिवळ्या खांबांना ठोकर बसते ती अशीच: चालक समोर बघून वळतो, मागचा कोपरा खांबाला घासतो. नियम सोपा, खांबापासून सरळ पुढे निघा, गाडीचं शेपूट खांबाच्या पुढे गेल्यावरच वळा. गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरलेला हवाच, आणि तो आरशात दिसत नसेल तर गाडी थांबवायची. गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून समोरच्या काचेवर चिकटवा. बर्गरच्या खिडकीचं छत नऊ-दहा फुटांवर असतं, तुमचा एसी साडेअकरावर.

मुक्काम

शनिवारी सकाळचं विमान, दुपारी गाडी, वाणसामान, आणि रात्र सॉल्ट लेकपासून ६० मैलांच्या आत, ब्रिगम सिटीच्या आसपास, पाणी-वीज-सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेल्या जागेत. पहिली रात्र जवळ का? जे बिघडायचं ते पहिल्या रात्री कळतं, आणि गाडी बदलून घ्यायला तासाभरात परत जाता येतं.

रविवारी आय-१५ ने आयडाहो फॉल्स, मग यूएस-२०. ॲश्टनच्या पुढे लांब चढ आहे. उजव्या लेनमध्ये, इंजिन ओरडू द्या, घाबरू नका. वेस्ट यलोस्टोनच्या फाटकातून १४ मैल आत मॅडिसन कॅम्पग्राउंड. रविवार, सोमवार, मंगळवार तिथे. बुधवारी नॉरिस, कॅनियनवरून फिशिंग ब्रिज, दोन रात्री. शुक्रवारी दक्षिण फाटकातून ग्रँड टीटनमध्ये कोल्टर बे आरव्ही पार्क, एक रात्र. शनिवारी जॅक्सन, अल्पाइन, यूएस-८९, लोगन करत पुन्हा ब्रिगम सिटी; हा दिवस अडीचशे मैलांचा, लवकर निघा. रविवारी गाडी परत, संध्याकाळचं विमान.

या क्रमाचं कारण जोडण्यांमध्ये आहे. यलोस्टोनमधल्या बारा कॅम्पग्राउंडपैकी पूर्ण जोडण्या फक्त फिशिंग ब्रिजला. मॅडिसनला वीज नाही, शॉवर नाही. जनरेटर सकाळी ८ ते रात्री ८. पण गिझर, म्हणजे जमिनीतून उडणारे उकळत्या पाण्याचे फवारे, मॅडिसनजवळ आहेत; त्यातला नावाजलेला ओल्ड फेथफुल १६ मैल. तेव्हा भरलेल्या बॅटरीने आणि रिकाम्या टाक्यांनी मॅडिसनचे तीन दिवस काढायचे, आणि अंघोळी-धुणी-चार्जिंगची हौस बुधवारी फिशिंग ब्रिजला भागवायची. तिथे अस्वलांमुळे तंबूला बंदी, पक्क्या भिंतींच्याच गाड्या, आणि शेकोटीलाही परवानगी नाही. मुलांना मार्शमेलो भाजायचे असतील तर मॅडिसनला उरकून घ्या.

या दोन्ही जागा उद्यानाच्या लॉजिंग कंत्राटदाराकडे बुक होतात, आणि लोक वर्षभर आधी करतात. आत्ता नाही मिळाल्या तर रोज सकाळी आणि रात्री बघत राहा, रद्द झालेल्या जागा परत येतात. मात्र एकेक रात्र सुटी शोधा, सलग तीन मागू नका. एका रात्रीला एक जागा, दुसऱ्या रात्रीला पलीकडची, असं जुळतं. नाहीच जुळलं तर वेस्ट यलोस्टोन गावातले खाजगी पार्क, गावाच्या उत्तरेला ३ मैलांवरचं वनखात्याचं बेकर्स होल, किंवा आयडाहोतलं हेन्रीज लेक स्टेट पार्क. मॅडिसनपेक्षा रोज येऊन-जाऊन तास-दीड तास जास्त, पण वाईट नाही. आरक्षणात गाडीची लांबी खरी लिहा. सायकलचा स्टँड धरून ३१ फूट असेल तर ३१.

फाटकावरचं शुल्क यंदा आई-बाबांमुळे नीट बघावं लागेल. सात दिवसांचं गाडीचं शुल्क ३५ डॉलर, रहिवाशांचा वार्षिक पास ८०. पण २०२६ पासून यलोस्टोन आणि ग्रँड टीटनसह अकरा उद्यानांत अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा आहेत. दोघांचे दोन उद्यानांचे चारशे होतात, म्हणून २५० डॉलरचा अनिवासींचा वार्षिक पास आधी पाहा आणि तो गाडीतल्या किती जणांना चालतो ते विकत घेण्यापूर्वी वाचा. तुमचे परवाने आणि त्यांचे पासपोर्ट डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

पाणी, टाक्या आणि तांब्या

आपल्या घरांत आरव्हीची सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथे. गाडीत तीन टाक्या: स्वच्छ पाणी साधारण ४० गॅलन, ग्रे, म्हणजे सिंक आणि शॉवरचं, तीसेक, आणि ब्लॅक, म्हणजे संडासची, तीसच्या आसपास. आरव्हीच्या संडासचं पेडल एकदा दाबलं तर अर्धा गॅलनसुद्धा जात नाही. त्यात वर तांब्याभर किंवा स्प्रेने पाणी घेतलं तर माणशी दिवसाला दीड-दोन गॅलन. सहा माणसं, दहा-बारा गॅलन. म्हणजे टाकी अडीच-तीन दिवसांत काठोकाठ. पाणी वापरू नका असं नाही, उलट ब्लॅक टँकला पाणी लागतंच. कोरड्या टाकीत मळ चिकटतो. पण दोन नियम करा: गाडी थांबवून जवळच्या स्वच्छतागृहात जाता येत असेल तेव्हा तिथेच जायचं, आणि स्प्रेऐवजी लहान तांब्या ठेवायचा, म्हणजे माप राहतं. कागद आरव्हीचाच. ओले पुसणे, डायपर, पॅड काहीही आत नाही.

टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. आतल्या सेन्सरला कागद चिकटला की रिकामी टाकीही दोन-तृतीयांश दाखवते. दिवस मोजा. मॅडिसन सोडताना बुधवारी सकाळी तिथल्या डंप स्टेशनवर (टाक्यांचं सांडपाणी सोडायच्या जागेवर) रिकामी करायची, म्हणजे करायचीच.

करायची रीत: हातमोजे घाला. पाइप आधी जमिनीतल्या भोकात पक्का बसवा, मग गाडीला जोडा, जोडाची पिळी फिरून बसली का हाताने ओढून पाहा. आधी ब्लॅकची झडप उघडा, आवाज थांबेपर्यंत. ती बंद करा. मग ग्रेची उघडा. साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. ती बंद केल्यावरच पाइप गाडीकडून काढा, उचलून निथळू द्या. मग संडासातून दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची पुडी आत सोडा. क्रम चुकला, ग्रे आधी सोडलं, तर पाइप धुवायला काहीच उरत नाही.

आणि फिशिंग ब्रिजला सांडपाण्याची जोडणी मिळाली म्हणून ब्लॅकची झडप उघडी ठेवून देऊ नका. पातळ वाहून जातं, घट्ट तिथेच साचून दगडासारखा ढीग होतो, आणि मग भाडेवाला सफाईचे पैसे लावतो. झडप बंद, दोन दिवस साठू द्या, निघताना भरलेली टाकी एका झटक्यात सोडा.

अंघोळ: अंग भिजवा, शॉवर बंद, साबण, मग धुवा. माणशी तीन गॅलनमध्ये होते. गरम पाण्याची टाकीच सहा गॅलनची असते, तिसऱ्या माणसाला थांबावं लागणारच.

ओटा

रोजचा स्वयंपाक जमतो, पण अर्धा. यलोस्टोनचं सरोवर ७,७०० फुटांवर आहे. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा दोन हजारांहून जास्त फूट वर भात शिजवताय. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा टचटचीत राहील, आणि प्रोपेन जळत राहील. प्रेशर कुकर न्याच, तीन लिटरचा. पाच लिटरचा मागच्या शेगडीवर बसत नाही. डाळ अर्धा तास भिजवा आणि घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त घ्या.

इंडक्शन शेगडी घरीच ठेवा. गाडीचं वीजकनेक्शन बहुधा ३० अँपिअरचं, म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॅट. एसी दीड हजार, मायक्रोवेव्ह दीड हजार, त्यात १,८०० ची इंडक्शन लावली की ब्रेकर पडला. आणि मॅडिसनला वीजच नाही.

फोडणीचं काय होतं ते सांगतो. तेल कडकडीत, मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि डोक्यापासून चार फुटांवरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. पहिल्या दिवशी मुलं हसतात, दुसऱ्या दिवशी शेजारचा गाडीवाला दार ठोठावतो. मग कोणीतरी अलार्मची बॅटरी काढतं. ते करू नका. बंद डब्यात प्रोपेन जळत असताना तोच तुमचा रखवालदार. छताचा पंखा बाहेर हवा फेकणारा ठेवा, शेगडीसमोरची खिडकी चार बोटं उघडा, मग फोडणी करा. किंवा घरूनच फोडणीचं तिखट-जिरं-हिंग घालून केलेलं तेल बाटलीत न्या. तेवढं खमंग लागत नाही, पण आमटी होते. जमिनीलगत एक दुसरा अलार्म असतो, तो गॅसगळतीचा. प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून खाली. तो वाजला तर वेगळी गोष्ट: शेगडी बंद, सगळे बाहेर, बाहेरून टाकीची चावी बंद.

न्यायचं सामान म्हणजे भाजणी, मेतकूट, भडंग, भाजलेला रवा, गोडा मसाला. पोळ्या गाडीत लाटायच्या भानगडीत पडू नका; सॉल्ट लेकला तयार मिळतात. खरकटं ग्रे टँकमध्ये जाऊ देऊ नका. आधी ताटं कागदाने पुसा, मग धुवा, आणि सिंकवर बारीक जाळी ठेवा. भाताची पेज आणि तूप टाकीत आंबलं की चौथ्या दिवशी शॉवरच्या जाळीतून वास वर येतो. ते पाणी झाडाखाली ओतायचं नाही, दंड होतो.

बाहेरच्या टेबलावर खाल्लंत तर उठताना सगळं आत: शेगडी, रिकामं पातेलं, कूलर, लोणच्याची बरणी, मुलीची चॉकलेटची चांदीसुद्धा. धुतलेलं असलं तरी आत. एकदा माणसाचं अन्न चाखलेलं अस्वल परत परत येतं, आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं. अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड, गव्यांपासून (बायसनपासून) २५ यार्ड अंतर हा नियम आहे, सूचना नाही. अस्वलाचा स्प्रे विमानात चालत नाही, तिथेच विकत किंवा भाड्याने घ्या, आणि पायी निघाल तेव्हा तो बॅगेत नाही, कमरेला हवा.

थंडी, बॅटरी आणि आई-बाबा

जूनअखेरीस दुपारी २२-२५ अंश, पहाटे ४-५, कधी शून्यालाही टेकतं. गाडीची हीटर प्रोपेनवर, पण तिचा पंखा बॅटरीवर. शंभर अँपिअर-तासाची साधी बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे ५०. पंखा सात-आठ अँपिअर ओढतो. रात्री आठ तासांत निम्मा वेळ जरी चालला तरी तीस गेले, वर दिवे आणि पाण्याचा पंप. थर्मोस्टॅट २४ वर ठेवलात तर पहाटे चारला हीटर बंद पडेल आणि सगळे कुडकुडत उठतील. १५-१६ वर ठेवा, जाड रजया घ्या, आणि मॅडिसनला रोज संध्याकाळी ६ ते ८ जनरेटर चालवा. बाबांना झोपेचं श्वसनयंत्र लागत असेल तर हे गणित आधी करून स्वतंत्र बॅटरी न्या.

जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो, पण टाकी पावाखाली गेली की बंद पडतो. तुम्ही रस्त्यात अडकू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. लोकांना वाटतं बिघडला. आत पेट्रोल मिळतं (ओल्ड फेथफुल, कॅनियन, फिशिंग ब्रिज, ग्रँट, मॅमथ, टॉवर), पण मॅडिसनला नाही. वेस्ट यलोस्टोनला भरूनच आत शिरा.

उंचीचा त्रास सत्तरीत जाणवतो: डोकं जड, झोप तुटक, दम. पहिले दोन दिवस लांब चालणं नको, पाणी भरपूर. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये. लेक व्हिलेज, ओल्ड फेथफुल आणि मॅमथला दवाखाने आहेत. लेक व्हिलेजचा फिशिंग ब्रिजच्या अगदी जवळ. भेटीला आलेल्यांचा वैद्यकीय विमा असेल तर त्याची छापील प्रत बरोबर ठेवा, कारण मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. उद्यानाचं अधिकृत ॲप आणि नकाशे विमानतळावरच उतरवून घ्या.

आत फिरताना

वर्तुळाकार मुख्य रस्ता १४२ मैलांचा, कमाल वेग ४५, आणि रस्त्यात गवा बसला तर शून्य. तुमची खरी अडचण पार्किंगची. मिडवे गिझर बेसिन, म्हणजे ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत उष्ण झऱ्याची जागा, लहानशी. दहा ते चारमध्ये तिथे मोटारीलाच जागा नसते. आरव्ही घेऊन सकाळी साडेआठपूर्वी किंवा पाचनंतर जा. ओल्ड फेथफुलचा तळ मोठा आहे, तिथे दुपार घालवा. उद्रेक साधारण दीड तासाने, पुढची वेळ फलकावर दहा मिनिटं मागेपुढे धरून लावलेली असते. फायरहोल कॅनियन आणि मॅमथच्या वरच्या टेरेसचे रस्ते आरव्हीला बंद. टीटनमधला मूस-विल्सन रस्ताही २३.३ फुटांपेक्षा लांब गाड्यांना बंद. नकाशा तिकडे वळवेल, ऐकू नका. टीटन पास या घाटालाही नाही म्हणा. दहा टक्क्यांचा उतार आहे.

म्हणून एक खर्च मात्र सुचवतो: सोमवार-मंगळवार वेस्ट यलोस्टोनला छोटी व्हॅन भाड्याने घ्या. आरव्ही मॅडिसनला समतल करून उभी राहू दे. रोज सकाळी घर गुंडाळून पार्किंगला न्यायचं आणि रात्री परत मांडायचं, यातच दीड तास जातो, शिवाय फ्रिज वाकड्या जमिनीवर तासन्‌तास चालला की खराब होतो. मुलांची आसनं तीच व्हॅनमध्ये लावता येतात. व्हॅन मोजक्याच असतात, ती जागांच्या बुकिंगबरोबरच सांगून ठेवा.

गिझरजवळ लाकडी वाटेवरून पाय खाली नाही, आणि धाकट्याचा हात मोठ्याच्या हातात. कवच काही ठिकाणी पापडाइतकं पातळ आहे, खाली उकळतं पाणी. बिस्किट बेसिनला २३ जुलै २०२४ रोजी वाटेच्या शेजारीच स्फोट होऊन दगड-चिखल उडाला, लोक पळत सुटले. सुदैवाने कोणी दगावलं नाही.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापून निकामी होतात. टो-हॉलचं बटण दाबा, गिअर खाली येऊ द्या, वेग पाचने वाढला की एकदा जोरात ब्रेक लावून सोडा. शेवटच्या शनिवारी लोगन कॅनियनमध्ये हेच लागेल.

निघण्यापूर्वी रोज एकाने, तोच तो माणूस, गाडीभोवती एक फेरी मारायची: पायरी आत, बाजूचं कापडी छत गुंडाळलेलं, छताची झाकणं बंद, वीज-पाण्याचे पाइप सुटे, प्रोपेन बंद, कपाटांची कुलपं लागलेली, फ्रिजचं दार अडकवलेलं. पायरी बाहेर राहून तुटणं आणि पहिल्याच वळणावर दह्याचा डबा जमिनीवर येणं, हे दोन अपघात सगळ्यात जास्त होतात. आणि रविवारी गाडी परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या, पेट्रोल घेतलं होतं तेवढं, प्रोपेनची पावती हातात. सॉल्ट लेकचं डंप स्टेशन सकाळी गर्दीचं असतं, म्हणून टाक्या ब्रिगम सिटीच्या मुक्कामावरच सोडून निघा.